समकालीन ब्रिटिश कादंबरीतला संघर्ष आणि सामाजिक बदल : अभ्यास नेमका कसा करायचा?

सारंगखेडा_वाचते

नमस्कार मंडळी. मी एमए इंग्लिशच्या दुसऱ्या वर्षाला आहे, राहायला सारंगखेड्याला, कॉलेजला रोज एसटीने जाणंयेणं. डिझर्टेशनला समकालीन ब्रिटिश कादंबरीतला संघर्ष आणि सामाजिक बदल हा विषय घेतलाय, आणि तो कोणी गळ्यात मारलेला नाही, मला खरंच आवडतो म्हणून घेतला. पॅट बार्करची रिजनरेशन वाचून झाली, काझुओ इशिगुरोची द रिमेन्स ऑफ द डे झाली, आता ॲना बर्न्सची मिल्कमन वाचू राहिली पण सुरुवातीच्या पानांपुढे गाडी सरकतच नाहीये.

खरी अडचण ही की जिथून तिथून ज्या नोट्स मिळतात त्यात प्रत्येक कादंबरीखाली तेच ते लिहिलेलं असतं, युद्धाची भीषणता, ओळखीचा प्रश्न, वर्गभेद, स्थलांतर, संपलं. वरचं नाव झाकलं तर कोणती नोट कोणत्या पुस्तकाची हे सुद्धा सांगता येणार नाही. मला तसं लिहायचं नाही. मग करायचं काय? आधी इतिहास वाचायचा की सरळ कादंबरी उघडायची? डिझर्टेशनला किती पुस्तकं घ्यायची? मिल्कमनमध्ये माणसांना नावं नाहीत, गावाला नाव नाही, ती वाचायची कशी? आणि अजून एक, घरी विचारतात की तिकडच्या लढाया आणि भानगडी वाचून आपल्याला काय मिळणार. त्यांना काय सांगायचं ते नंतर बघू, पण मला माझ्यापुरतं तरी उत्तर पाहिजे.

भुसावळ_जंक्शन

ताई, विषय एक नंबर घेतला. मी अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवतो, या कादंबऱ्या नेट परीक्षेच्या तयारीत वाचल्या आणि नंतर आवडीने परत वाचल्या, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रत्येक कादंबरीच्या आतल्या कोऱ्या पानावर पेन्सिलने दोन तारखा लिही. एक, गोष्ट कधी घडते. दुसरी, पुस्तक कधी छापलं. आणि मग या दोन तारखांच्या मधे त्या देशात काय काय होऊन गेलं ते शोध, तुझा अर्धा अभ्यास तिथेच होतो. रिजनरेशनच घे. गोष्ट १९१७ ची, एडिनबरोजवळचं क्रेगलॉकहार्ट लष्करी हॉस्पिटल, कवी सिगफ्रिड ससून पहिलं महायुद्ध मुद्दाम लांबवलं जातंय असं जाहीर पत्रक काढतो आणि कोर्ट मार्शल होण्याऐवजी त्याला डोक्यावर परिणाम झालेल्यांच्या दवाखान्यात धाडतात, आणि तिथले डॉक्टर रिव्हर्स यांचं काम काय तर पोरांना बरं करायचं म्हणजे परत फ्रान्सच्या खंदकात मरायला पाठवता येतील इतपत बरं करायचं. हे सगळं १९१७ चं. पण पुस्तक आलं १९९१ ला. मधल्या काळात व्हिएतनाम झालं, १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेने पीटीएसडी (मोठ्या धक्क्यानंतर मनावर राहणारा आजार) हे निदान आपल्या यादीत घेतलं, बायकांची चळवळ झाली, समलिंगी संबंध हा इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६७ पर्यंत गुन्हा होता तो कायदा बदलला. बार्कर १९१७ कडे बघते ती हे सगळं माहीत असलेल्या डोळ्यांनी बघते. १९१७ च्याच माणसाने ही गोष्ट सांगितली असती तर त्यातल्या कितीतरी गोष्टी त्याला उघड बोलताच आल्या नसत्या.

आता हेच बाकीच्यांना लावून बघ. द रिमेन्स ऑफ द डे, गोष्ट १९५६ ची आणि आठवणी १९२०-३० च्या, छापली १९८९ ला. ॲंड्रिया लेव्हीची स्मॉल आयलंड, गोष्ट १९४८ ची, छापली २००४ ला. मिल्कमन, गोष्ट १९७० च्या दशकातली, छापली २०१८ ला, म्हणजे उत्तर आयर्लंडमधला हिंसाचार थांबवणारा गुड फ्रायडे करार होऊन बरोबर वीस वर्षं झालेली आणि ब्रेक्झिटमुळे आयर्लंडच्या सीमेचा वाद पुन्हा पेटलेला. कमिला शम्सीची होम फायर तर उलटीच, २०१७ ला छापली, त्यात पाकिस्तानी वंशाचा मुस्लिम माणूस ब्रिटनचा गृहमंत्री दाखवलाय आणि २०१८ च्या एप्रिलमध्ये साजिद जाविद खरोखर गृहमंत्री झाले.

त्यामुळे इतिहास आधी की कादंबरी, तर माझं मत इतिहास आधी, पण फार नको. आयर्लंडचा प्रश्न, कॅरिबियनमधून ब्रिटनला झालेलं १९४८ चं स्थलांतर, थॅचरबाईंचा काळ, इराक युद्ध, ब्रेक्झिट, यातल्या प्रत्येकाचं एक-एक चांगलं प्रकरण वाचलं तरी पुरे.

गिरणाकाठ

जंक्शन दादांचं दोन तारखांचं म्हणणं मला पटतं, मी पण तसंच करते, पण इतिहास आधी हे अजिबात पटत नाही. आणि मिल्कमनसाठी तर मुळीच नाही. इतिहास आधी वाचून बसलीस तर पानापानावर तू हे बेलफास्ट, हे आयआरए (ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणारा सशस्त्र गट), हे ब्रिटिश सैन्य असं ओळखत बसशील, आणि बर्न्सने ती नावं मुद्दाम काढून टाकली आहेत ना! कादंबरीत बेलफास्ट शब्द नाही, आयआरए शब्द नाही. इंग्लंडला समुद्रापलीकडचा देश म्हणतात. नायिकेला सुद्धा नाव नाही, ती मधली बहीण. तिचा मित्र म्हणजे धड बॉयफ्रेंड नाही, कदाचित-बॉयफ्रेंड.

तू अडकलीस ते साहजिक आहे कारण तिची वाक्यं लांबच लांब, एका गोष्टीवरून निघाली की तीन गल्ल्या फिरून परत येते. मी एक सुचवते, मोठ्याने वाच. खरंच. ती पोरगी बोलू राहिली आहे, लिहीत नाहीये. आणि गल्लीतल्या पोरीला कोणी काही विचारलं की ती सरळ उत्तर देत नाही कारण दिलेलं उत्तर संध्याकाळपर्यंत गावभर झालेलं असतं, हे तुला-मला कोणी शिकवायला पाहिजे का? अठरा वर्षांची पोरगी रस्त्याने चालता चालता पुस्तक वाचते एवढ्यावरून गाव तिला नावं ठेवतं. आणि तो मिल्कमन, जो दूध विकत नाही, सशस्त्र गटातला एकेचाळीस वर्षांचा लग्न झालेला माणूस आहे, तो तिच्या मागे लागतो आणि गाव ठरवून टाकतं की हिचंच त्याच्याशी काहीतरी आहे. तिने त्याला बोटही लावलेलं नसतं. त्याने पण तिला हात लावलेला नसतो, आणि हेच सगळ्यात भयानक आहे, कारण तक्रार करायची तर कशाची करायची? बाहेर बंदुका चालू राहिल्यात, माणसं रोज मरू राहिलीत, तिथे एका पोरीच्या मागे कोणी फिरतोय याला गुन्हा कोण म्हणणार.

तुझा संघर्ष आणि सामाजिक बदल इथे आहे बघ. तीस वर्षांत साडेतीन हजारांच्या वर माणसं गेली त्या संघर्षात, त्यावर ढीगभर पुस्तकं आहेत. पण त्या संघर्षाने चहा कोणता प्यायचा, लोणी कोणत्या दुकानातून आणायचं, पोराचं नाव काय ठेवायचं नाही हे सुद्धा ठरवून टाकलं होतं, हे कादंबरीच सांगू शकते.

आणि फ्रेंचच्या क्लासचा प्रसंग येईल तेव्हा थांबून वाच. बाई एक उतारा वाचतात ज्यात आभाळ निळं नाहीये, तर अख्खा वर्ग चिडतो, आभाळ निळंच असतं म्हणतात. मग बाई त्यांना खिडकीशी नेऊन मावळतीचं आभाळ दाखवतात, गुलाबी, जांभळं, काय काय, आणि समोर दिसत असूनही ते कबूल करायला लोक घाबरतात. कारण एक रंग मान्य केला तर मग बाकी पण बरंच काही मान्य करावं लागेल. मी माझ्या थिसिसचं एक पूर्ण प्रकरण या चार-पाच पानांवर लिहून राहिलेय. हे वाचायला आयर्लंडचा इतिहास लागत नाही. वाचून झाल्यावर इतिहास वाच, तेव्हा तो अंगावर येतो.

चाळीतला_वाचक

मी काही साहित्याचा विद्यार्थी नाही, अमळनेरला राहतो, दुकान आहे, वाचायचा नाद आहे. ताईच्या शेवटच्या प्रश्नावर बोलतो, आपल्याला काय मिळणार.

डग्लस स्टुअर्टची शगी बेन वाच. २०२० चं बुकर. १९८० च्या दशकातलं ग्लासगो, खाणी आणि कारखाने बंद पडलेले, पुरुष घरी बसलेले, आई दारूत बुडालेली आणि सगळ्यात धाकटं पोरगं तिला सांभाळू राहिलंय. त्यात ते लोक शहराबाहेर पिटहेड नावाच्या वस्तीत राहायला जातात, खाण बंद, घरं तीच, माणसं तीच, फक्त सकाळी भोंगा ऐकून कामाला जाणारं कोणी नाही. माझे वडील प्रताप मिलमध्ये होते. भो, मला ते पुस्तक वाचायला डिक्शनरी लागली पण समजायला काही लागलं नाही. आपल्या खान्देशात अमळनेर, धुळे, चाळीसगाव, जळगाव, सगळीकडे मिली होत्या आणि सगळ्या बंद झाल्या. मिल बंद झाली की पगार जातो हे सगळ्यांना दिसतं. पण बापाचा आवाज घरात कसा बदलतो, आई कोणाकडे उसने मागायला जाते आणि कोणत्या दारातून जाते, पोरं शाळेत काय लपवतात, हे कोणत्या रिपोर्टात लिहिलंय? त्या कादंबरीत आहे.

आणि तिकडचा खाण कामगारांचा संप मार्च १९८४ ते मार्च १९८५, वर्षभर चालला आणि कामगार हरले. आपल्याकडे मुंबईचा गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला, अडीच लाखाच्या आसपास कामगार. दोन वर्षांचा फरक. ग्लासगोच्या कादंबरीतून मला आपल्या संपाबद्दल नवीन प्रश्न पडले, म्हणजे त्या अडीच लाख घरांतल्या बायकांनी ती वर्षं कशी काढली हे कोणी लिहून ठेवलंय का नीट? डेव्हिड पीसची जीबी८४ पण त्याच खाण संपावर आहे, संपाच्या एकेका आठवड्याने पुढे जाते, पण ती फार अवघड, मला झेपली तेवढी वाचली. तू अभ्यासाला घेणार असशील तर बघ.

केळीबाग_रावेर

गिरणाकाठ ताईंनी मिल्कमनवर लिहिलं ते फारच भारी. मी कॉलेजला शिकवते, इशिगुरोवर थोडं सांगते कारण पेपरात त्याच्यावर सगळ्यात जास्त ठोकळेबाज उत्तरं येतात.

स्टीव्हन्स हा बटलर, जुलै १९५६ मध्ये मोटार घेऊन सहलीला निघतो आणि जुन्या आठवणी सांगत जातो. त्याच जुलैच्या २६ तारखेला इजिप्तच्या नासरने सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं आणि वर्षअखेरीपर्यंत ब्रिटनला तिथून नामुष्कीने मागे फिरावं लागलं. कादंबरीत सुएझ हा शब्द नाही. आता इथे दोघांचंही खरं आहे बघा, तारीख माहीत नसेल तर ही शांतता ऐकूच येत नाही, पण नुसती तारीख लिहून उत्तर होत नाही. उत्तर व्हायचं तर प्रसंग हातात घ्यावा लागतो. माझ्या मते तो प्रसंग दोन ज्यू मोलकरणींचा. मालक लॉर्ड डार्लिंग्टन सांगतात की घरात ज्यू नोकर नकोत, आणि स्टीव्हन्स ही गोष्ट घराची व्यवस्था बघणाऱ्या मिस केंटनला रोजच्या संध्याकाळच्या कोकोच्या वेळी सांगतो, जणू उद्याच्या पडद्यांबद्दल बोलतोय. ती भडकते, मी पण नोकरी सोडीन म्हणते. तो म्हणतो हा आपला विषय नाही, मालकांना जास्त कळतं. त्या दोन पोरींना घालवतात. वर्षभराने मालकाला पश्चात्ताप होतो, तेव्हा स्टीव्हन्स मिस केंटनला सांगू लागतो की मला पण तेव्हा वाईट वाटलं होतं, आणि ती विचारते की मग तेव्हा का नाही बोललात.

यात नाझी सैन्य नाही, बॉम्ब नाही. एक सभ्य माणूस आहे जो मन लावून आपलं काम करतो, आणि त्याच्या त्या मन लावण्यातूनच अन्याय पार पडतो. विद्यार्थी लिहितात निष्ठेचं दर्शन. मला वाचून खरंच त्रास होतो. प्रत्येक वेळी तो प्रतिष्ठा म्हणतो तेव्हा नक्की काय झाकतोय ते शोधायला शिका, तो मुद्दाम खोटं बोलत नाही, त्याला स्वतःलाच ते बघायचं नाहीये.

बार्करबद्दल पण एक. सगळे ससून आणि दुसरा कवी विल्फ्रेड ओवेन यांच्यावर लिहितात. तू दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या बायकांवर लिही. सेरा लम आणि तिच्या मैत्रिणी, केमिकलने कातडी पिवळी पडलेली, पण हातात पहिल्यांदा स्वतःचा बरा पैसा आलेला. त्यातली लिझी म्हणते की १९१४ च्या ४ ऑगस्टला जगात युद्ध सुरू झालं तेव्हा माझ्या घरात शांतता सुरू झाली. कारण नवरा फ्रंटवर गेला. एवढ्या एका बोलण्यात तुझ्या विषयाचे दोन्ही शब्द आले, संघर्ष पण आणि सामाजिक बदल पण, आणि ते एकमेकांत असे गुंतलेत की सोडवता येत नाहीत.

आणि घरच्यांना सांग, तिकडच्या लढाया फक्त तिकडच्या नव्हत्या. पहिल्या महायुद्धात दहा लाखांच्या वर भारतीय परदेशात लढायला आणि राबायला गेले, सत्तर हजारांच्या वर परत आले नाहीत. रिजनरेशनमधले डॉ. रिव्हर्स खरे होते आणि त्याआधी ते आपल्या निलगिरीत तोडा लोकांचा अभ्यास करून गेले होते, १९०६ ला त्यांचं त्यावर पुस्तक आलं. या लोकांची जगाकडे बघायची नजर आपल्या डोंगरात पण घडलेली आहे.

सारंगखेडा_वाचते

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री मिल्कमन मोठ्याने वाचली, लहान भाऊ विचारू लागला कोणाशी बोलतेय, पण खरंच पुढे सरकली. फ्रेंच क्लासपर्यंत पोहोचले. चाळीतला दादा, तुमचं लिहिणं मी आईला वाचून दाखवलं, तिचे मामा धुळ्याच्या मिलमध्ये होते, ती बराच वेळ त्यांच्याबद्दलच बोलत होती.

आता असं ठरवतेय की तीन घ्यायच्या, रिमेन्स, मिल्कमन आणि स्मॉल आयलंड. रिजनरेशन सोडायला जीवावर येतंय. आणि स्मॉल आयलंड चाळली तर त्यात जमैकन लोकांची इंग्रजी आहे, ती मला जड जाईल असं वाटतं. घेऊ का? आणि तिघींना बांधणारा प्रश्न कोणता ठेवू?

गिरणाकाठ

घे, नक्की घे. चार जण आळीपाळीने बोलतात, हॉर्टेन्स, गिल्बर्ट, क्वीनी आणि बर्नार्ड, दोन जमैकन आणि दोन इंग्रज, आणि एकच घर चौघांच्या तोंडून चार वेगळी घरं होतं. गिल्बर्टची भाषा दोन प्रकरणांत कानात बसते. हॉर्टेन्सची तर उलट फारच शुद्ध आहे, तिला वाटतं की आपण इंग्रजांपेक्षा चांगलं इंग्रजी बोलतो, आणि लंडनमध्ये तिचं कोणाला काही कळतच नाही. ती शिक्षिका, शिफारसपत्रं घेऊन ऑफिसात जाते, तिथली बाई पत्रं न वाचताच सांगते की तुला इथे शिकवता येणार नाही. हॉर्टेन्स मान ताठ ठेवून वळते, दार उघडते आणि आत जाते तर ते बाहेरचं दार नसून कपाट असतं. तो प्रसंग वाचून मला पुढचं पान उलटवत नव्हतं. आपल्याकडे पहिल्यांदा मोठ्या शहरात मुलाखतीला गेलेल्या कितीतरी पोरींना तो अपमान पाठ आहे.

बर्नार्ड मात्र टाळू नको. तो दुसऱ्या महायुद्धात आरएएफमधून, म्हणजे ब्रिटिश हवाई दलातून, भारतात येतो आणि आपल्या लोकांबद्दल काय काय बोलतो ते वाचताना राग येईल, येऊ दे, पण लेव्ही त्याला पण स्वतःच्या तोंडाने बोलू देते, त्याची भीती पण दाखवते. तिचे वडील १९४८ ला एम्पायर विंडरश या जहाजानेच इंग्लंडला गेलेले, म्हणजे राग तिला पण असणारच, तरी तिने ते केलं. आणि २०१८ ला विंडरशचं प्रकरण बाहेर आलं, आयुष्य तिथे काढलेल्या म्हाताऱ्या लोकांना कागद नाहीत म्हणून बेकायदा ठरवलं, तेव्हा हे पुस्तक पुन्हा नव्याने वाचलं गेलं. जंक्शन दादा, तुमच्या दोन तारखांना इथे तिसरी तारीख जोडावी लागते, आपण कधी वाचतो ती.

प्रश्न एकच ठेव: कोण बोलतंय आणि त्याला काय बोलता येत नाहीये. स्टीव्हन्स बोलत नाही कारण त्याला मालकाचा मान राखायचाय. मधली बहीण बोलत नाही कारण बोललं तर जीव जाईल. हॉर्टेन्स बोलते पण समोरचा ऐकत नाही. तीन प्रकारचं गप्प राहणं, तीन प्रकरणं. रिजनरेशन प्रस्तावनेत घे, बिली प्रायर हॉस्पिटलमध्ये येतो तेव्हा त्याची वाचाच गेलेली असते, तिथून सुरुवात केलीस तर ती सोडावी पण लागणार नाही.

भुसावळ_जंक्शन

हे बेस्ट झालं. फक्त एक प्रॅक्टिकल सांगतो ताई, प्रत्येक प्रकरणात तीनच प्रसंग घे आणि त्यांच्यावर पानं भर, अख्ख्या कादंबरीची गोष्ट सांगत बसू नको, परीक्षकाने ती वाचलेली असते. टीकाकारांचे उतारे नंतर जोड, आधी स्वतःचं वाचन मराठीत लिहून काढ, मग इंग्रजीत कर. आणि गाईडना पहिली भेट द्यायच्या आधी सिनॉप्सिस इथे टाक, मिल्कमनचा भाग गिरणाकाठ ताई बघतील आणि रिमेन्सचा केळीबाग मॅडम, मी व्याकरण आणि संदर्भांची मांडणी तपासून देतो.